कॉम्प्युटरचं कोणतं प्रमाणपत्र, कोणत्या कामासाठी: विदर्भातल्या गावाकडून नोकरी शोधताना

निकाल लागले की घाटंजी, चिमूर, समुद्रपूर, कुरखेडा अशा तालुक्याच्या गावांत कॉम्प्युटर क्लासमध्ये आईबाप चौकशीला येतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "पोरीले कोनताबी कोर्स लावून द्या, नौकरी लागली पायजे." क्लासवाला त्याच्याकडे असेल तो कोर्स लावून देतो. सहा महिन्यांनी हातात रंगीत प्रमाणपत्र येतं, आणि अर्ज भरताना कळतं की जाहिरातीत मागितलंय ते वेगळंच. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या पैशातून भरलेली फी अशी वाया जाऊ नये म्हणून हा लेख.

दोन गोष्टी सुरुवातीलाच वेगळ्या करून घ्या. सरकारी भरतीत प्रमाणपत्र ही पात्रतेची अट असते. ते नसेल तर काम कितीही येत असलं तरी अर्ज बाद होऊ शकतो. खासगी नोकरीत, म्हणजे कापसाच्या जिनिंगमध्ये, अडतीच्या दुकानात, पतसंस्थेत, राईस मिलमध्ये प्रमाणपत्र कुणी फारसं बघत नाही. तिथं समोर बसवून "ही यादी करून दाखव" म्हणतात. गावाकडच्या मुलामुलींना बहुतेक वेळा दोन्हीकडे प्रयत्न करावे लागतात, म्हणून तयारीही दोन्ही लागते. फक्त तिचा क्रम ठरवून घ्यायचा.

आधी जाहिरात वाचा, मग क्लास लावा

तुम्हाला ज्या पदांसाठी अर्ज करायचा आहे त्यांच्या मागच्या भरतीच्या जाहिराती काढा. मोबाईलवर पीडीएफ मिळतात. पूर्ण जाहिरात वाचायला कंटाळा येत असेल तर "शैक्षणिक अर्हता" आणि "संगणक अर्हता" हे दोन भाग तरी शब्दन् शब्द वाचा. पदागणिक अट किती बदलते बघा.

तलाठ्याच्या पदाला (आता या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय) पदवी लागते. 2023 च्या भरतीत संगणकाची परीक्षा आधीच पास असण्याची सक्ती नव्हती. नेमणूक झाल्यापासून दोन वर्षांत ती पास होण्याची मुभा होती. म्हणजे एमएस-सीआयटीसारखं संगणकाचं प्रमाणपत्र नाही म्हणून फॉर्मच भरला नाही, असं करायची गरज नव्हती. तरी दरवेळी कुणी ना कुणी तसं करून बसतं, आणि वयाचं एक वर्ष हातचं जातं.

लिपिक-टंकलेखकाचं उलटं आहे. लोकसेवा आयोगाच्या गट-क परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या या पदाला मराठी टायपिंग मिनिटाला 30 शब्द किंवा इंग्रजी 40 शब्द, याचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. त्यावर आयोग टायपिंगची कौशल्य चाचणीही घेतो. जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिकाला तर मराठी 30 आणि इंग्रजी 40 अशी दोन्ही प्रमाणपत्रं मागतात, शिवाय संगणकाचं वेगळं.

सरकारी बँकांच्या लिपिक भरतीत कॉम्प्युटर चालवण्याचं ज्ञान बंधनकारक असतं. प्रमाणपत्र, पदविका किंवा शाळा-कॉलेजात अभ्यासलेला संगणक विषय यांपैकी काहीही चालतं. डाकघरातल्या ग्रामीण डाकसेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते आणि परीक्षा नसते. तिथं कॉम्प्युटर वापरता येणं अपेक्षित असलं तरी कोर्स केल्यामुळे गुणवत्ता यादीत नाव वर सरकत नाही. अंगणवाडी सेविकेच्या निवडीत मात्र 2023 पासूनच्या निकषांत संगणकाच्या प्रमाणपत्राला वेगळे गुण आहेत. ते मोजकेच आहेत, पण एका गावातल्या चारपाच बारावी पास उमेदवारांत तेवढ्यानंच निकाल फिरू शकतो. सेविका त्याच गावची रहिवासी असावी लागते, त्यामुळे लग्न होऊन आलेल्या सुनांनी ही अट जरूर लक्षात ठेवावी.

एका कागदावर तीन रकाने आखा: पद, टायपिंग लागतं का, संगणक प्रमाणपत्र अर्ज करतानाच लागतं की नंतर चालतं. पाच-सहा जाहिराती अशा लिहून काढल्या की कोणता कोर्स आधी करायचा हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

कोणतं प्रमाणपत्र धरलं जातं

राज्य शासनाच्या नोकरीसाठी संगणक ज्ञानाचा संदर्भ म्हणून जाहिरातींत बहुतेक वेळा 4 फेब्रुवारी 2013 चा शासन निर्णय दिलेला असतो. त्यानुसार महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं एमएस-सीआयटी चालतं, तसंच केंद्र सरकारच्या संस्थेचं सीसीसी किंवा त्यावरच्या ओ, ए, बी, सी लेव्हलचं प्रमाणपत्रही चालतं. ही संस्था पूर्वी डोएक नावानं ओळखली जायची, आता नाइलिट म्हणतात.

एमएस-सीआयटी 2001 पासून आहे. एमकेसीएलच्या (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या) अधिकृत केंद्रात ते शिकवतात, परीक्षा झाल्यावर प्रमाणपत्र तंत्रशिक्षण मंडळाचं मिळतं. केंद्र जवळपास प्रत्येक तालुक्याला आहे आणि मराठीतून शिकता येतं. फी साधारण पाच हजारांच्या घरात जाते, हप्ते करून मिळतात. ज्यानं आजवर माउस धरला नाही त्यानं हेच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकवणारा माणूस समोर असतो आणि रोज मशीनवर बसायला मिळतं.

सीसीसी फारच थोड्यांना माहीत असतं. ते बाहेरून थेट देता येतं: नाइलिटच्या वेबसाइटवर अर्ज, 500 रुपये शुल्क आणि त्यावर जीएसटी असे 590 रुपये. दीड तासात 100 वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवायचे, पास व्हायला 50 टक्के. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. अभ्यासक्रमात लिबर ऑफिस आहे, आणि ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ज्याचा हात कॉलेजमध्ये किंवा दुकानावर आधीच बसलाय, पण कागद नाही, त्याला हा स्वस्त रस्ता आहे. परीक्षेचं केंद्र जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ठिकाणी येऊ शकतं, एसटीचा खर्च धरून ठेवा.

आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) ट्रेड एक वर्षाचा असतो आणि दहावी पासला मिळतो. तो या दोन्हींपेक्षा बराच खोल आहे. तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये नंबर लागत असेल तर सोडू नका. विशिष्ट पदाला तो एमएस-सीआयटीऐवजी चालतो का, हे मात्र त्या जाहिरातीत बघायचं.

आता जे चालत नाही त्याबद्दल. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात 2017 पासून गावोगावी लोकांनी 20 तासांचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि प्रमाणपत्र मिळवलं. मोबाईल, ईमेल, डिजिटल पेमेंट शिकायला ते चांगलं होतं, पण वरच्या शासन निर्णयाच्या यादीत ते बसत नाही. खासगी संस्थांच्या डीसीए, एडीसीए नावाच्या पदविकांचंही तेच. त्यातून काम शिकता येत असेल तर शिका, पण सरकारी भरतीचा भरवसा त्यावर ठेवू नका. "हे एमएस-सीआयटीच्या बरोबरीचं आहे" असं कुणी सांगितलं तर त्याला शासन निर्णय दाखवायला सांगा.

टायपिंग: वेळ खातं, म्हणून आधी सुरू करा

माझ्या मते गावाकडच्या बारावी-पदवीधर मुलामुलींनी सगळ्यात आधी टायपिंगला बसावं. एमएस-सीआयटी दोन-तीन महिन्यांत उरकतं. टायपिंगचा कोर्स सहा महिन्यांचा, त्यानंतर परीक्षेची वाट, मग निकाल, मग प्रमाणपत्र. भरतीची जाहिरात आल्यावर टायपिंग लावलं तर ती भरती हातातून गेलीच म्हणून समजा.

परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. तिचं नाव शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र संगणक टंकलेखन, बोलताना सगळे जीसीसी-टीबीसी म्हणतात. अर्ज शासनमान्य टायपिंग इन्स्टिट्यूटमार्फतच करावा लागतो. म्हणून प्रवेश घेताना मान्यतेचं पत्र बघायला मागा. चांगला संस्थाचालक ते आनंदानं दाखवतो. परीक्षेत वेगाच्या उताऱ्यासोबत पत्र, तक्ता आणि ईमेलही येतो, नुसती बोटं पळून भागत नाही.

मराठी 30 आधी करावं. इंग्रजी 40 च्या मागे लागलेले पुष्कळ दिसतात, पण आपल्या भागातल्या कचेऱ्यांत, पंचायत समितीत, पतसंस्थेत दिवसभर मराठीच टाइप होतं. मराठी पक्की झाली की इंग्रजी जोडा.

कीबोर्डचा मुद्दा कुणी नीट सांगत नाही. पुष्कळ इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी शिकवतात. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की जी आपोआप मिळते ती इनस्क्रिप्ट. तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. कौशल्य चाचणीत कोणती मांडणी मिळणार हे जाहिरातीत बघा आणि तिचाच सराव करा. परीक्षा झाल्यावर दुसरीही शिका, कारण नोकरीत समोर कोणतं मशीन येईल ते आपल्या हातात नसतं.

इनस्क्रिप्टचा सराव कसा करायचा ते एका शब्दावर सांगतो. सरकारी कागदात "शेतकऱ्यांना" हा शब्द दिवसातून शंभर वेळा येतो आणि नवा माणूस त्यातल्या "ऱ्यां"शी अडतो. शिफ्ट दाबून "जे", मग हलंतासाठी, म्हणजे अक्षराचा पाय मोडायला "डी", मग "य" ज्याच्यावर आहे ते तिरप्या रेघेचं बटण, मग काना नि अनुस्वार. साधा "र" घेऊन हलंत दिला तर तो "य"च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि शब्द चुकतो. असे वीस अवघड शब्द वहीत काढा: क्षेत्रफळ, ज्ञापन, कार्यालय, दुष्काळग्रस्त, आणेवारी, प्रमाणपत्र, तुमच्या गावाचं आणि तालुक्याचं नाव. रोज क्लासला बसलं की पहिली दहा मिनिटं फक्त हेच. वेग नंतर येतो, आधी बोट न बघता पडलं पाहिजे.

आणखी एक. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की निरर्थक अक्षरं दिसतात. ऑनलाइन फॉर्ममध्ये तर तो मजकूर चालतच नाही. म्हणून युनिकोडमध्ये टाइप करायची सवय सुरुवातीपासून लावा.

फीचे पैसे

फी भरण्याआधी पुढच्या चार-पाच दारांवर चौकशी करा. एक-दोन दिवस जातील, पण पाच हजार वाचू शकतात.

जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग ग्रामीण मुलींच्या संगणक प्रशिक्षणासाठी योजना राबवतो. निधी आणि अटी दरवर्षी जिल्ह्यागणिक बदलतात. पंचायत समितीत विचारा, अर्जाची तारीख निघून जाऊ देऊ नका. घरात कुणी बांधकाम कामगार असेल आणि त्याची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर मुलांच्या एमएस-सीआयटीची फी परत मिळण्याची योजना आहे. आपल्याकडे सेंट्रिंगला, मिस्त्रीच्या हाताखाली जाणारे कितीतरी बाप आहेत, पण नोंदणीचं नूतनीकरण राहून जातं. ते आधी करून घ्या. फीची पावती जपून ठेवा, पावतीशिवाय काही होत नाही.

कुणबी आणि मराठा समाजातल्या मुलांसाठी सारथी ही राज्य शासनाची संस्था एमकेसीएलच्या केंद्रांतून सहा महिन्यांचा मोफत संगणक कौशल्य कार्यक्रम चालवते. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती आहे, आणि तिचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी. तिन्ही संस्थांच्या वेबसाइटवर सध्या कोणत्या प्रशिक्षणाचे अर्ज सुरू आहेत ते महिन्यातून एकदा बघत चला. प्रत्येक जिल्ह्यात बँकेनं चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थाही असते. तिथं राहणं-जेवणासह फुकट प्रशिक्षण मिळतं, त्यात कॉम्प्युटरवरच्या हिशेबाचा कोर्सही असतो.

जाण्यायेण्याचा खर्चही धरा. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. त्यामुळे मुलीला रोज तालुक्याला पाठवणं पूर्वीपेक्षा परवडतं. क्लासची वेळ मात्र गावाच्या गाडीची वेळ बघूनच घ्या. शेवटची गाडी साडेपाचला असेल तर पाच ते सातची बॅच काय कामाची?

हाताला काम येण्यासाठी: जिनिंगची एक यादी

खासगी नोकरीत एक्सेल सगळ्यात जास्त विचारतात, त्याखालोखाल टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. क्लासमध्ये एक्सेल शिकवताना मार्कशीट करून घेतात. मार्कशीट काही वाईट नाही, पण हिंगणघाटच्या किंवा वणीच्या जिनिंगमध्ये तुम्हाला कापसाच्या गाड्यांची नोंद करायची आहे. तर तोच सराव करा.

नवी शीट उघडा. "ए" रकान्यात शेतकऱ्याचं नाव, "बी"त गाव, "सी"त भरलेल्या गाडीचं वजन, "डी"त रिकाम्या गाडीचं वजन, दोन्ही किलोत. "ई"त निव्वळ क्विंटल. तिथं सूत्र लिहा: =(सी2-डी2)/100, अक्षरं अर्थात इंग्रजी. भरलेली गाडी 3,840 किलो, रिकामी 1,420, तर "ई"त 24.2 आलं पाहिजे. "एफ"मध्ये भाव, समजा 7,500. "जी"मध्ये "ई" गुणिले "एफ", म्हणजे 1,81,500 रुपये. आता "एच"मध्ये ओलाव्याची टक्केवारी घाला. सीसीआयच्या (केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाच्या) खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर 12 पर्यंत कपात आणि 12 च्या वर कापूस घेत नाहीत. "आय" रकान्यात इफचं (IF, म्हणजे अट तपासणारं) सूत्र असं लिहा की 12 पेक्षा जास्त असेल तिथं "परत" आणि बाकी ठिकाणी "घेतला" यावं.

अशा तीस गाड्या मनानं भरा. मग फिल्टर लावून एकाच गावच्या गाड्या वेगळ्या काढा. सम-इफनं (SUMIF, म्हणजे अटीत बसेल तेवढ्याचीच बेरीज) प्रत्येक गावचं एकूण वजन काढा. वरची ओळ फ्रीज करा, रुपयांत स्वल्पविराम येऊ द्या, आणि शेवटी शीट एका ए-फोर पानावर आडवी बसवून प्रिंट काढा. हे प्रिंटचं काम मालक हमखास सांगतो आणि नवीन पोरगं हमखास तिथंच अडकतं.

भंडारा, गोंदिया, देसाईगंज भागात राहत असाल तर हीच शीट धानाच्या पोत्यांची करा. अकोल्याकडे असाल तर दाल मिलच्या तुरीची. जे पीक तुमच्या तालुक्यात येतं त्याचीच शीट तुमच्याकडून मागितली जाणार आहे.

टॅली शिकायचं तर जीएसटीसकट शिका. कृषी सेवा केंद्रात बियाणं, खत, औषध यांना कर वेगवेगळा लागतो, आणि उधारी तर प्रत्येक गिऱ्हाइकाची असते. उधारीची खातेवही टॅलीत कशी ठेवायची हे आलं तर दुकानदाराला तुम्ही आणखी काय येतं हे सांगायची गरजच पडत नाही.

घरी कॉम्प्युटर नसला तरी अडू नका. मोबाईलवर गुगल शीट फुकट आहे. जुना कीबोर्ड ओटीजीच्या वायरनं मोबाईलला जोडता येतो आणि टायपिंगचा सराव होतो. वीज गेली तरी तो चालतो, हा आपल्याकडे मोठाच फायदा. दिवाळीआधी सेतू केंद्रांवर, झेरॉक्सच्या दुकानांवर फॉर्मची गर्दी असते. तेव्हा तिथं महिना-दोन महिने मदतनीस म्हणून बसायला मिळालं तर जरूर बसा. फोटो किती केबीचा करायचा, पीडीएफ कशी जोडायची, ओटीपी का येत नाही, सर्व्हर बंद पडला तर अर्ज कुठपर्यंत जतन झाला, हे त्या खुर्चीवरच समजतं.

अर्ज भरताना आणि परीक्षेला जाताना

प्रमाणपत्रावरचं नाव दहावीच्या सनदेवर आहे अगदी तसंच घ्या. एमएस-सीआयटीचा फॉर्म भरतानाच स्पेलिंग तपासा. नंतरची दुरुस्ती म्हणजे हेलपाटे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा. कागदपत्र तपासणीच्या दिवशी ते शोधायला वेळ मिळत नाही.

सगळी प्रमाणपत्रं स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर ठेवा, आणि तो ईमेल नि त्याचा पासवर्ड तुमच्याच वहीत असू द्या. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचा ईमेल किंवा मोबाईल नंबर अर्जात घालू देऊ नका. हॉलतिकीट त्याच्या फोनवर येतं आणि तुम्हाला कळत नाही.

बहुतेक भरती परीक्षा आता कॉम्प्युटरवरच होतात. नागपूर-अमरावतीच्या केंद्रावर गेल्यावर पहिल्यांदा माउस धरला तर अभ्यास असूनही वेळ निसटतो. फुकट मिळणाऱ्या सराव परीक्षा क्लासच्या मशीनवर बसून सोडवा, मोबाईलवर नको. पुढचा प्रश्न, परत बघण्यासाठी खूण, उत्तर पुसणं, या बटणांची सवय झाली की डोकं प्रश्नावर राहतं.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

क्लासला न येता, परीक्षा न देता प्रमाणपत्र देतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथून निघा. निवड झाल्यावर प्रमाणपत्रांची पडताळणी होते आणि खोटं निघालं तर नोकरी जाते, गुन्हाही दाखल होऊ शकतो. "घरबसल्या डेटा एंट्री, आधी नोंदणी शुल्क भरा" असे मेसेज व्हॉट्सअॅपवर येतात. काम देणारा कामाचे पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. एक रुपयाही पाठवू नका आणि आधारची प्रतही देऊ नका.

पहिली नोकरी मिळाल्यावर

तालुक्यातल्या पहिल्या नोकरीत पगार कमीच असतो. तरी वर्षभर टिकून काम केलं आणि कामाचा अनुभव लेखी मिळाला तर बुटीबोरीच्या एमआयडीसीत किंवा चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांच्या ठेकेदारांकडे अर्ज करताना तो उपयोगी पडतो. लागल्या दिवशीच विचारून ठेवा: पगार बँकेत मिळेल का, पीएफ कापला जातो का, सोडताना अनुभवाचं पत्र मिळेल का. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पीएफ लागू होतो. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर मिळाला की आधारशी जोडून घ्या आणि पीएफमध्ये दर महिन्याला पैसे जमा होतात का ते स्वतःच्या मोबाईलवर बघत राहा.